घराबाहेरचे विजेतेपद : २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचे एक वाचन

१३ मार्च २०२१ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या सातव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. डेव्हिड विल्यम्सने १८ व्या मिनिटाला एटीके मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. २९ व्या मिनिटाला बागानच्याच तिरीकडून स्वयंगोल झाला. पुढे तासभर बरोबरी टिकली आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून मुंबई सिटीला २-१ असे जिंकून दिले. त्याच्या तेरा दिवस आधी, २८ फेब्रुवारीला, याच प्रतिस्पर्ध्याला २-० ने हरवून मुंबईने साखळीतील अव्वल स्थानाची ढालही पटकावली होती. एकाच हंगामात ढाल आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा लीगमधला पहिला संघ.

या हंगामाची नोंद साधारणपणे एवढ्यावर संपते. क्रिकेटच्या एकेका मालिकेवर मराठीत पुस्तके निघाली, खेळाडूंची चरित्रे आली, जुन्या सामन्यांच्या आठवणींवर दिवाळी अंकांची पाने भरली. फुटबॉलच्या हंगामाच्या वाट्याला मात्र धावफलकापलीकडे फारसे काही येत नाही. कोल्हापूरचा अपवाद सोडला तर मराठी वाचकाला या खेळाचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी भेटतो, आणि तुकड्यांतून अर्थ लागत नाही.

प्रस्तुत लेखात त्या एका हंगामाकडे एखाद्या संहितेसारखे पाहण्याचा प्रयत्न आहे. ही संहिता कोणी लिहिली, तिच्यात कोणाला बोलू दिले गेले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले गेले, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. निकड आजची आहे. हा लेख लिहीत असताना, २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, लीगचा नवा हंगाम सुरूच झालेला नव्हता. जुलैमध्ये आयोजकांनी तो स्थगित केल्याचे क्लबांना कळवले, कारण महासंघाशी असलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचा झालेला नव्हता. देशातली सर्वोच्च लीग एका करारपत्राच्या मुदतीवर उभी होती, हे आता सर्वांना दिसले. २०२०-२१ चा हंगाम नीट वाचला असता, तर ते तेव्हाही दिसले असते.

हंगामाची चौकट

करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात झाला. २० नोव्हेंबर २०२० पासून जवळपास चार महिने अकरा संघ जैवसुरक्षित परिघात राहिले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान अशा तीन ठिकाणी ११५ सामने खेळवले गेले. प्रेक्षक नव्हते. दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रित जल्लोष ऐकू येई आणि मैदानालगतच्या मोठ्या पडद्यांवर घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे दिसत. कागदावर प्रत्येक संघाला 'घरचे' मैदान दिलेले होते. प्रत्यक्षात गोव्याचा संघ वगळता सगळेच पाहुणे होते.

मी ते सामने अक्कलकुव्यात, मोबाइलच्या पडद्यावर, वही घेऊन पाहिले. त्या वहीत काही सामन्यांनंतर मी 'घरचा-बाहेरचा' हा रकाना भरणे बंद केले, कारण त्यात लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. फुटबॉलच्या तक्त्यात घर आणि बाहेर हा भेद पायाभूत असतो. प्रवासाचा शीण, प्रेक्षकांचा दबाव, ओळखीची माती हे सारे त्यात येते. ते सगळे त्या वर्षी गळून पडले. उरला तो निव्वळ खेळ, आणि त्यामागचा पैसा व व्यवस्था. म्हणून हा हंगाम अभ्यासकाला एका नकळत घडलेल्या प्रयोगासारखा उपयोगी पडतो.

चौकटीचा दुसरा भाग नियमांचा. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली तेव्हा तिच्याशेजारी आय-लीग होती आणि देशाची अधिकृत सर्वोच्च स्पर्धा तीच होती. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने ठरलेल्या आराखड्यानुसार पहिला दर्जा इंडियन सुपर लीगकडे आला. साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळू लागली. मात्र सर्वोच्च दर्जाबरोबर जी गोष्ट जगभर ओघाने येते, ती आली नाही. खालच्या स्पर्धेतून वर चढणे आणि तळाला राहिल्यास खाली जाणे, या दोन्हींना तेव्हा जागा नव्हती. त्या वर्षी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान लीगमध्ये आले. एक नव्या गुंतवणूकदाराच्या बळावर, तर दुसरा लीगमधल्या एटीके संघात विलीन होऊन. शंभर वर्षांहून जुन्या दोन क्लबांनाही मैदानातल्या गुणांनी दार उघडले नाही.

मुंबई नावाचा संघ

मुंबई सिटीची त्या हंगामातील कामगिरी निर्विवाद मोठी आहे. पहिल्याच सामन्यात, २१ नोव्हेंबरला, नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ अशी हार पत्करल्यावर हा संघ सलग बारा सामने अपराजित राहिला. साखळीत २० सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव. ३५ गोल केले, १८ स्वीकारले. मोहन बागानचेही ४० गुण होते, पण परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकल्यामुळे ढाल मुंबईकडे आली. उपांत्य फेरीत गोव्याशी २-२ आणि ०-० अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असा निसटता विजय मिळाला.

हे यश कसे उभे राहिले? नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा ६५ टक्के वाटा विकत घेतला. त्यानंतर एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले. त्यांच्या पाठोपाठ गोव्याच्याच संघातून ह्युगो बुमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई आले. चेंडू पायात ठेवून, मागून बांधत नेण्याची जी पद्धत लोबेरांनी गोव्यात अडीच वर्षांत रुजवली होती, ती जवळजवळ जशीच्या तशी उचलून मुंबईच्या निळ्या सदऱ्यात घातली गेली. यात गैर काही नाही. व्यावसायिक फुटबॉल जगभर असाच चालतो. समीक्षकाने मात्र हे नोंदवायला हवे की, 'मुंबईची शैली' म्हणून त्या वर्षी जिचे कौतुक झाले, तिचा मुंबईशी संबंध सदऱ्यापुरता होता. संघ मुंबईत एकही सामना खेळला नाही आणि महाराष्ट्रात फुटबॉल शिकलेली नावे त्याच्या यादीत शोधून काढावी लागत.

अंतिम सामन्यात उतरलेला मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे हे त्यातले एक. पूर्वार्धाच्या अखेरीस झालेल्या धडकेत त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले. बिपिनचा गोल झाला तेव्हा तो मैदानात नव्हता. या योगायोगातून रूपक काढण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण जखम ही जखम असते. एवढेच म्हणतो की, मराठी वाचकासाठी हंगामाची कथा सांगताना हे नाव वगळले जाऊ नये.

आणखी एक नोंद आवश्यक आहे. मुंबईला देशाचे विजेतेपद पहिल्यांदा २०२१ मध्ये मिळाले, असा समज रूढ होतो आहे. तो बरोबर नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने मिळवले होते. डेरिक परेरा प्रशिक्षक, आणि संघात षण्मुगम वेंकटेश, स्टीव्हन डायस, अभिषेक यादव, महेश गवळी, युसिफ याकुबू, होझे बारेटो अशी मंडळी. त्याच हंगामात त्यांनी फेडरेशन चषकही जिंकला होता. म्हणजे दुहेरी यशसुद्धा मुंबईला नवे नव्हते. विस्मरण मात्र पंधरा वर्षांत पूर्ण झाले. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरी मुंबई

मुंबई सिटीला साखळीत दोनदा हरवणारा संघ होता नॉर्थईस्ट युनायटेड. दुसऱ्यांदा, ३० जानेवारी २०२१ रोजी, डेशॉर्न ब्राउनच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या दोन गोलांनी २-१ असा विजय मिळवून त्यांनी मुंबईची अपराजित मालिका तोडली. त्या दिवशी नॉर्थईस्टच्या बाकावर खालिद जमील होते.

जमील यांचा जन्म कुवेतचा, पण त्यांची फुटबॉलची सारी जडणघडण मुंबईतली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांकडून ते खेळले. २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले आणि तुटपुंज्या साधनांत त्या संघाला आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. २०१६-१७ मध्ये ते मिझोरममधल्या आयझॉल एफसीकडे गेले. आदल्या हंगामात पदावनत झालेल्या, आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा जागा मिळालेल्या त्या संघाला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ईशान्य भारतातला तो पहिला राष्ट्रीय लीगविजेता क्लब. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगने बोली मागवून दोन नवे संघ घेतले. देशाचा विजेता असलेल्या आयझॉलला त्यात जागा मिळाली नाही. क्लबने आंदोलनाची भाषा केली, तरीही निर्णय बदलला नाही.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२१ कडे पाहावे. नॉर्थईस्टने जेरार्ड नूस यांना दूर केले तेव्हा संघाचे ११ सामन्यांत १२ गुण होते. साहाय्यक असलेल्या जमील यांच्याकडे 'हंगामी' म्हणून सूत्रे आली. उरलेल्या ९ साखळी सामन्यांत ६ विजय, ३ बरोबरी, एकही पराभव नाही. संघ ३३ गुणांसह तिसरा आला आणि जमील हे इंडियन सुपर लीगमध्ये संघाला बाद फेरीत नेणारे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. उपांत्य फेरीत मोहन बागानने त्यांना रोखले.

माझ्या वाचनात हंगामाचा खरा पेच इथे आहे. एकीकडे मुंबईचे नाव घेतलेला आणि जगभरच्या साखळीतून साधने मिळवणारा संघ. दुसरीकडे मुंबईच्या मैदानांत आणि कंपन्यांच्या संघांत तयार झालेला, दुसऱ्याच्या घरी हंगामी म्हणून काम करणारा प्रशिक्षक. लोबेरा आणि जमील यांची गुणवत्ता तोलण्याचा हा मुद्दा नाही. लोबेरांचा खेळ अधिक देखणा होता. जमील यांचा संघ बचावाची शिस्त आणि झटपट प्रतिहल्ला यांवर जगे. मुद्दा असा की, या लीगमध्ये शिरण्यासाठी पहिल्याला निमंत्रण होते, तर दुसऱ्याला अपघाताची वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या दारातून ते बाजूने आत आले, ते दार आधी उघडे असते तर आणखी किती जण आले असते, हा प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे.

शिडी कोणाची

बंद लीगच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्य आहे. पदावनतीची भीती नसली की गुंतवणूकदार धीर धरतो, मैदाने सुधारतात, सामने घरोघरी दिसतात, खेळाडूंचे मानधन वाढते. मुंबई सिटीने एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवले. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. हे यश त्याच व्यवस्थेचे फळ आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण अंतिम सामन्याचा नायक कुठून आला तेही पाहिले पाहिजे. बिपिन सिंग मणिपूरचा. तो घडला शिलाँग लाजाँगमध्ये, म्हणजे आय-लीगमधल्या एका क्लबात. मुंबईने त्याला घडवले नाही, घडलेला घेतला. त्याच हंगामात ओडिशावर ६-१ असा विजय मिळवताना त्याने गोलांची हॅटट्रिकही केली. ज्या क्लबांनी असे खेळाडू वर आणले, त्यांच्या स्पर्धेला २०१९ नंतर दुय्यम ठरवले गेले आणि वर चढण्याचा मार्ग २०२२-२३ पर्यंत बंद राहिला. त्यानंतर पंजाब आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आले. खाली मात्र २०२५ पर्यंत कोणीही गेलेले नव्हते. विहिरीचे पाणी उपसत राहायचे आणि झऱ्याकडे पाहायचे नाही, अशी ही तऱ्हा. २०२१ च्या करंडकाचे श्रेय द्यायचे तर त्यातला एक वाटा लाजाँगसारख्या क्लबांना दिला पाहिजे.

मालक आणि पेठ

महिंद्रा युनायटेडचे विजेतेपद आपण का विसरलो? कारण तो संघ २०१० मध्ये बंद झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवायचे ठरवले आणि देशाचा माजी विजेता एका निर्णयासरशी इतिहासजमा झाला. महाराष्ट्राच्या फुटबॉलमधली ही एकच घटना असती तर गोष्ट वेगळी. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. दोनेक वर्षांतच त्याचा मुख्य संघ संपला. भारत एफसी एकच हंगाम जगला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. त्याच वर्षी पदावनत झालेला मुंबई एफसी बंद पडला. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या संघाने घेतली. दहा वर्षांत सहा संघ. यांपैकी बहुतेकांचा शेवट ताळेबंदात झाला. एकट्या मुंबई एफसीला मैदानातली पदावनती आधी भोवली.

आता शेजारीच कोल्हापूर पाहा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या संघांची नावेच सांगतात की ते तालमींतून आणि पेठांतून उगवले. त्यांना राष्ट्रीय लीग माहीत नाही आणि राष्ट्रीय लीगला ते. पण शाहू स्टेडियमवर पिढ्यान्पिढ्या गर्दी होते. इथे हुल्लडबाजीही होते, ईर्ष्या टोकाला जाते, हे दोष झाकण्याचे कारण नाही. तरीही एखाद्या मालकाने पत्रक काढून पाटाकडील तालीम बंद केली, अशी कल्पना तरी करता येते का? कारण तिथे पेठच मालक आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०२०-२१ च्या हंगामात जमशेदपूरच्या संघात होता. पेठेतून निघालेला मुलगा राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला तो एकटा. त्याच्या पेठेला तिथे रस्ता नव्हता.

मोहन बागानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. विलीनीकरणानंतर नावापुढे लागलेले 'एटीके' काढा, म्हणून चाहत्यांनी तीन वर्षे धरणे, घोषणा, फलक यांचा धोशा लावला आणि २०२३ मध्ये ते नाव गेले. मालकाला ऐकावे लागले. पुण्याचा संघ हैदराबादला गेला तेव्हा पुण्यात चाहते होते, पण मालकाला अडवू शकेल असे वजन त्यांच्या हाती नव्हते. पाच वर्षांचा संघ आणि शंभर वर्षांचा संघ यांतला हा फरक आहे. पाच वर्षांचे शंभर होऊ देणे हेच लीगचे काम असते.

आमच्या तालुक्यात काठीची होळी भरते. मान काठी संस्थानच्या घराण्याचा, पण होळी त्या घराण्याची नव्हे. नवस फेडणारे बुध्या-बावा, ढोलवाले, सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून रात्रभर चालत येणारी माणसे, यांची ती आहे. एखाद्या वर्षी कोणाची ऐपत कमी झाली म्हणून ती दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येत नाही. संस्था टिकते ती अशा सामाईक हक्कावर. खेळाच्या अर्थकारणाला हे लागू पडत नाही असे कोणी म्हणेल. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे बहुमताचा हक्क राखणारा नियम आहे, आणि तिथले फुटबॉल काही दरिद्री नाही, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

सातपुड्याकडून पाहताना

नंदुरबारच्या कोपऱ्यातल्या माणसाने या लीगची उठाठेव का करावी, असा प्रश्न मला विचारला जातो. माझे उत्तर मणिपूरकडे बोट दाखवते. तोही डोंगराळ प्रदेश, तोही सत्तेच्या केंद्रापासून लांब. तरी तिथून बिपिन सिंग येतो, कारण तिथे गल्लीतला क्लब, राज्याची लीग आणि शेजारच्या शिलाँगसारख्या ठिकाणचा मोठा क्लब अशा पायऱ्या होत्या. आमच्याकडे दमसास आहे. चढावर धावणारी मुले आहेत. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतींत ती दिसतात. २०१७ च्या सप्टेंबरात विश्वचषकानिमित्त राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. पण चेंडू ही पहिली पायरी, आणि दुसरी पायरीच बांधलेली नव्हती. सुब्रतो चषकात शाळा हरली की मुलाचा हंगाम संपतो. पुढे ऊसतोडीचा हंगाम असतो, तो मात्र चुकत नाही.

जुन्या कंपनी-संघांच्या काळात चांगला खेळाडू निदान नोकरीला लागे. बँक, रेल्वे, एअर इंडिया, गिरण्या यांनी मुंबईच्या चाळीतल्या मुलांना तेवढा आधार दिला. ती व्यवस्था डोंगरापर्यंत पोहोचली नाही हे खरे, पण तिला निदान दार होते. नव्या व्यवस्थेने मानधन वाढवले आणि दारे कमी केली. २०२०-२१ चा हंगाम या स्थित्यंतराचा सर्वांत शुद्ध नमुना आहे. त्यात प्रेक्षक नव्हते, घर नव्हते, चढ-उतार नव्हते. तरीही तक्ता पूर्ण झाला, ढाल दिली गेली, करंडक उंचावला गेला. लोकांवाचून लीग चालू शकते, असा त्याचा पोकळ दिलासा कोणाला मिळाला असेल, तर २०२५ च्या स्थगितीने तो खोटा ठरवला आहे. करार अडला आणि लीग थांबली, कारण तिला धरून ठेवणारे दुसरे काही खाली नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली.  लीगच्या पुढच्या करारात दोन कलमे असावीत, एवढीच या अभ्यासातून निघणारी मागणी आहे. तळाचा संघ खाली जाईल आणि खालचा वर येईल हे पहिले. क्लब बंद करायचा किंवा हलवायचा असेल तर आधी त्या शहरातील सभासदांना तो चालवण्याची संधी द्यावी लागेल हे दुसरे. पहिले कलम असेल तर कोल्हापूरच्या एखाद्या तालमीला निदान स्वप्न पाहता येईल. दुसरे असेल तर २०२१ च्या विजेतेपदाचे २००६ सारखे विस्मरण होणार नाही.